चार वर्षांचं आधण

हिंदुरावकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा जिवंत ज्वालामुखी पाहिला तेव्हा त्यांनी विचारलं, "जाळ कुठाय?"

वय एकाहत्तर, डोक्यावर पांढरी टोपी, खाली धोतर, आणि अंगात मुलीनं घेऊन दिलेलं निळं फुगीर जाकीट. अडीचशेच्या आसपास पायऱ्या चढून आम्ही विवराच्या काठावर पोचलो होतो. समोर जमिनीला पडलेलं भलंमोठं भगदाड, त्यातून गुरगुरत वर येणारा पांढरा धूर, आणि कठड्याला धरून देशोदेशीची माणसं आ वासून उभी. काकांनी आत डोकावलं, मागं वळून आमच्याकडं पाहिलं. आमचीच काहीतरी चूक झाली असावी असा तो चेहरा होता.

"नुस्ता धूर हाय की. चिपाड वलं असणार," ते म्हणाले.

चिपाड म्हणजे रस काढून उरलेला ऊस. वाळवून तो गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळतात. काकांचं आयुष्य त्या जाळापुढं गेलं. कोल्हापूरहून गडमुडशिंगीकडं जाताना उजव्या हाताला त्यांचं गुऱ्हाळ आहे, आणि ते स्वतः गुळव्या. काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या उथळ कढईत, रस उकळत असताना तो नेमका कधी उतरवायचा, हे गुळव्या ठरवतो. जरा उशीर झाला तर गूळ करपतो, जरा घाई झाली तर बसत नाही. हे सगळं नाकानं, कानानं आणि बुडबुड्यांकडं बघून ठरतं. काकांचा अंदाज चाळीस वर्षांत चुकला नव्हता असं गाव म्हणायचं. चाळीस वर्षं ज्याला कुणी चूक म्हटलं नाही त्या माणसाचं काय होतं, हे मी त्यांच्याकडं बघून शिकले. तो माणूस असह्य होतो.

तुच्छतेचं एवढं कसब मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही, आणि मी कोल्हापूरची आहे. आमच्याकडं कुणाच्या म्हशीला रेडकू झालं तरी चौकात फ्लेक्स लागतो. काकांना मात्र जगातली कुठलीच गोष्ट पसंत नव्हती. 'डोंबल' हा त्यांचा आवडता शब्द. विमान कसं होतं म्हणून विचारलं तर म्हणाले, "डोंबल. यष्टीत पाय तरी पसरता येत्यात." त्यांच्या कौतुकाचा वरचा टप्पा म्हणजे 'बरं हाय'. तोही मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला, आणि तो एका माकडाला मिळाला होता.

माझी त्यांची ओळख दोन बाजूंनी. माझे अब्बा उद्यमनगरात पत्र्याचं काम करतात आणि काकांची काहील त्यांनीच ठोकलेली आहे. दुसरी बाजू म्हणजे रूपाली, त्यांची एकुलती एक मुलगी. इंडोनेशियात, जावा बेटावरच्या मलांग या शहरात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी वर्षभराच्या शिष्यवृत्तीवर तिथली भाषा शिकायला गेले होते. ती एक वर्ष आधीच गेलेली, ज्वालामुखींचा अभ्यास करायला. तिला ती शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा गावानं कमानीपाशी फ्लेक्स लावला होता. त्यावर आठ पुढाऱ्यांचे चेहरे, कोपऱ्यात त्यांच्यापेक्षा लहान आकारात रूपाली, आणि मागं लालभडक जाळ ओकणारा डोंगर. काकांनी तो फ्लेक्स दोन वर्षं येता-जाता पाहिला होता. त्यांच्या मनातला ज्वालामुखी तोच.

मला पहिल्यांदा पाहिल्यावर विमानतळावरच ते म्हणाले होते, "मुलाण्याची नशीम न्हवं तू? तुज्या बापानं काहील तिरकी ठोकलीया. डाव्या अंगाला."

"वीस वर्षं वापरताय की, काका."

"वापरतोय म्हणूनच सांगतोय."

ते आले ते रूपालीच्या पदवीदानाला, असं कागदोपत्री होतं. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असतं म्हणून जमलं. खरं कारण वेगळं होतं. आजऱ्याचं एक स्थळ आलं होतं. काजूचा कारखाना, मुलगा इंजिनियर, माणसं भली. काकांनी रूपालीला न विचारता शब्द दिला होता, दसऱ्याला सुपारी फोडायची. आणि इकडं रूपालीला त्याच विद्यापीठात पुढच्या चार वर्षांच्या संशोधनाची जागा मिळाली होती. दिवाळीपर्यंत तिला हो किंवा नाही कळवायचं होतं. म्हणजे काका तिला न्यायला आले होते, आणि तिला राहायचं होतं.

"भांडून राहता येईल गं मला," ती मला म्हणाली होती. "पण मग घर बंद. आबांचा शब्द मोडला तर आबा दार उघडायचे नाहीत, आणि आई त्यांच्यापुढं बोलायची नाही."

मी तिला म्हटलं, असल्या बापाचं दार बंद झालं तर झालं. मी असं सहज बोलते, कारण माझ्या अब्बांचं दार कधी बंद झालेलं नाही.

सोबत त्यांनी पत्र्याची ट्रंक आणली होती. तीत भडंग, खर्डा आणि गुळाच्या तीन छोट्या ढेपा. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं गूळ हुंगून हे काय म्हणून विचारलं, तर काकांनी तुकडा फोडून त्याच्या पुढं धरला आणि तो खाईपर्यंत हात मागं घेतला नाही. तिथल्या भाताला त्यांनी पहिल्याच घासाला निकालात काढलं. "चिकट हाय. ह्येंनी आजऱ्याचा घनसाळ बघितलेला न्हाय." आजऱ्याचं नाव त्यांनी मुद्दाम घेतलं होतं. रूपाली ताटात बघत राहिली.

पदवीदानानंतर रूपालीनं त्यांना जावाच्या पूर्व टोकाला समुद्राकाठच्या अभयारण्यात नेलं. मीही गेले, कारण बापलेक एका खोलीत फार वेळ ठेवण्यासारखे नव्हते. उंच वाळकं गवत, मधूनच ताडासारखी झाडं, आणि गवतात रानगुरांचा कळप. ही जात आता फार थोडी उरली आहे. आमचा वाटाड्या श्वास रोखून कुजबुजत होता आणि मी भाषांतर करत होते. गुरं अंगानं भरदार, पायांत पांढरे मोजे, आणि मागं पांढरा गोल ठिपका.

काकांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "गवा हाय ह्यो. राधानगरीला पैशाला पासरी. ह्येंनी त्येचं ढुंगण चुन्यानं रंगवलंय एवढंच."

"आबा, हळू बोला."

"दूध किती देत्यात, इचार."

मी विचारलं. वाटाड्या म्हणाला, जंगली आहेत, दूध कोण काढणार.

"मग ठेवलीत कशाला?" काका म्हणाले, आणि गवतातून निघालेल्या हिरव्या मोराकडं वळले. आपल्याकडचा मोर निळा, तिथला गळ्यापर्यंत हिरवा असतो. "रंग सपला वाटतं," ते म्हणाले. धनेश पक्ष्याची चोच त्यांना निरुपयोगी वाटली. घोरपड आळशी वाटली. माणसं हजारो मैलांवरून ज्यासाठी येतात ते सगळं त्यांनी सकाळभरात मोडीत काढलं.

मग समुद्राकाठी बाकावर बसलो असताना एका माकडानं त्यांच्या मांडीवरची भडंगाची पिशवी पळवली. तिकडची ही माकडं लांब शेपटीची आणि निर्लज्ज असतात. झाडावर बसून त्यानं मूठभर भडंग तोंडात कोंबला. काकींनी तो घरच्या मिरचीत केलेला होता. माकडानं डोळे मिटले, तोंड उघडलं, जीभ बाहेर काढून हातानं चोळली. आम्ही हसत होतो. काका मात्र टक लावून बघत होते. माकड दोन मिनिटं तसंच बसलं, आणि मग त्यानं पिशवीत परत हात घातला.

"बरं हाय," काका म्हणाले. "जिद्दीचं हाय."

परतीच्या वाटेवर चहासाठी एका गावात थांबलो. तिथं घरामागच्या छपरात एक बाई चुलीवर मोठ्या कढईत नारळीचा रस आटवत होती. नवरा झाडावर चढून रस काढतो आणि बायको गूळ करते, अशी तिकडची रीत. काका दारातच थबकले. त्यांच्या गुऱ्हाळात बाईमाणसाला चुलवाणापाशी यायला मनाई होती. त्यांच्या बापाच्या काळापासूनची. छपराच्या कडेला एक लाकडी खांब आहे. काकी चहा घेऊन तिथवर यायच्या, कपबशी खांबाशी ठेवायच्या आणि थांबायच्या, कप रिकामा होईपर्यंत. रूपाली लहानपणी त्या खांबाच्या आत एकदा गेली तर काकांनी तिला बखोटीला धरून बाहेर काढलं होतं. त्यानंतर ती उसाच्या ढिगामागून बुडबुडे मोजत बसायची.

"बाप्या झाडावर आन बाई चुलीपाशी," काका म्हणाले. "उलटंच हाय सगळं."

तरी ते आत गेले. कढईत वाकून पाहिलं, हुंगलं, आणि हातानं खूण केली, उतरव. बाईनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. काकांनी परत खूण केली. तिनं पळीनं त्यांचा हात बाजूला सारला. मग पळीभर रस घेऊन वाटीतल्या पाण्यात एक थेंब सोडला, बोटानं चाचपला आणि मान हलवली. अजून नाही. गार पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी होते का बघायचं, ही काकांचीच रीत. चहाचे कप रिकामे होऊन थंड झाले तरी ती आटवत होती. शेवटी तिनं कढई उतरवली आणि करवंट्यांत ओतली. गूळ झकास बसला.

"काळा हाय," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी रूपालीनं त्यांचा सदरा धुवायला घेतला तर खिशात त्याच गुळाचा तुकडा निघाला, कागदात बांधलेला. तिनं तो होता तसा परत ठेवला.

त्याच दिवशी तिनं मला तिच्या जन्माची गोष्ट सांगितली. काकींच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा गुऱ्हाळात आधण चढलेलं होतं. आधण म्हणजे रसाची एक काहील, चढवल्यापासून उतरवेपर्यंत. शेजारणीनं येऊन सांगितलं की बाळ आडवं आहे, दवाखान्यात न्यायला पाहिजे. काका म्हणाले, "आधण चढल्यावर गुळव्या उठत न्हाय." शेजाऱ्यांनी काकींना टेम्पोत घालून नेलं. काकी वाचल्या, रूपाली वाचली. पुढं मूल झालं नाही.

"आबा मला बघायला आले ते गूळ गार झाल्यावर," रूपाली म्हणाली. गावात ही गोष्ट काकांच्या मोठेपणाची म्हणून सांगतात. गावाला कशाचा अभिमान वाटेल ते सांगता येत नाही.

तर असा माणूस त्यानंतर दोन दिवसांनी मलांगजवळच्या विवराच्या काठावर उभा राहून जाळ शोधत होता. आम्ही उन्हं वर आल्यावर पोचलो होतो, कारण सगळे जातात तसं पहाटे सूर्योदय बघायला जायचं काकांनी नाकारलं होतं. "सूर्य आमच्यात बी उगावतोय." खालच्या काळ्या वाळूच्या मैदानातून घोड्यावर बसून आले आणि घोड्याला नावं ठेवली. तिथल्या डोंगरात राहणारी माणसं हिंदू आहेत. विवराच्या अगदी काठावर त्यांचा दगडी गणपती बसलेला आहे, आणि सणाला ती माणसं विवरात भाजी, धान्य, कोंबड्या टाकतात. गणपती पाहून काका विरघळतील असं मला वाटलं होतं. त्यांनी टोपी काढून नमस्कार केला आणि म्हणाले, "देवाला असल्या धुरात बसवलाय. छप्पर तरी घालायचं."

रूपालीच्या कमरेला वायू मोजायचं छोटं यंत्र होतं. ती कठड्याशी उभी राहून वहीत काहीतरी टिपत होती. काका तिच्यापासून चार पावलांवर डोळे मिटून उभे. मला वाटलं दमले असतील. ते ऐकत होते. खालून येणारी ती घरघर एकसारखी चालू होती, आणि मग एकाएकी ती बसली. निम्म्यानं कमी झाली असेल.

काकांचे डोळे उघडले. काहिलीतला रस उतू जायच्या आधी त्याचा आवाज असाच बसतो, हे मला नंतर कळलं. त्यांनी रूपालीचा दंड धरला. "उतर. ऊत येतोय. समदी खाली चला."

ते मराठीत ओरडत होते आणि हातांनी सगळ्यांना पायऱ्यांकडं ढकलत होते. एका धोतरवाल्या म्हाताऱ्याच्या तोंडावर एवढी खात्री बघून माणसं घाबरली. कुणाचा फोन पडला, कुणी गुडघा फोडून घेतला. वीस-पंचवीस माणसं पायऱ्यांवरून धडपडत निम्म्यापर्यंत उतरली. मी उतरले, मान्य करते. रूपाली जागची हलली नाही.

आणि काही झालं नाही. धूर होता तसा येत राहिला. खाली घोडेवाले हसत होते. मग पायऱ्यांवरची माणसंही हसायला लागली आणि कुणीतरी काकांचा फोटो काढला. चाळीस वर्षं न चुकलेला गुळव्या त्या कढईनंतर परत चुकला होता, आणि या वेळी जगापुढं. मी त्या माणसाचा इतका राग केला होता, पण तेव्हा मला त्यांच्याकडं बघवेना.

काका पायऱ्यांच्या मधोमध उभे होते. मग ते परत वर चढायला लागले. सावकाश, कठड्याला धरून. रूपालीपाशी गेले.

"आवाज बसला हुता," ते म्हणाले.

"वारं फिरलं, आबा. आवाज पलीकडं गेला. खाली काय बदललं न्हाई."

गुऱ्हाळाच्या छपरात वारं नसतं. "मग ऊत कशानं वळखायचा?" त्यांनी विचारलं. शिकून घ्यायचं म्हणून त्यांना कुणाला काही विचारताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रूपालीनं यंत्र कमरेचं काढून त्यांच्या हातात दिलं. सांगितलं की आतून येणाऱ्या वायूंचं प्रमाण हळूहळू बदलतं, वास बदलतो, जमीन केसभर फुगते, बारीक थरथरते. "येका दिवसात कळत न्हाई. रोज येऊन बघायला लागतंय. त्येची सवय कळली की मग त्येची खोड कळती."

"किती दिस?"

"चार वर्षं तरी."

काकांनी यंत्र उलटं-सुलटं करून पाहिलं. विवरात पाहिलं. "चार वर्सं," ते म्हणाले. "येकच आधण."

एवढंच. रूपालीनं पुढं काही विचारलं नाही. विमानतळावर तिनं त्यांच्या पायांना हात लावला तेव्हा ते म्हणाले, "बघू," आणि तिला ट्रंक नीट बांधली नाही म्हणून सुनावलं. माझा अभ्यासक्रम संपला होता, त्यामुळं त्यांच्याबरोबर मीच परत आले. विमानात पाय पसरता येत नाहीत यापलीकडं त्यांनी मला काही सांगितलं नाही.

दसरा आला आणि गेला. रूपाली रोज फोनवर एकच विचारायची, आबा काय म्हणाले. काका कुणालाच काही म्हणत नव्हते. शेवटी तिनंच मला गळ घातली, गुऱ्हाळ सुरू झालंय, तू जाऊन बघ. उत्तर द्यायला आठच दिवस उरले होते. अब्बांना काहिलीचा एक कान बदलायचा होता, ते निमित्त करून मी गेले.

आधण चढलेलं होतं. काका काहिलीच्या डाव्या अंगाला उकिडवे बसलेले, जाळ घालणारा खाली चुलवाणाच्या तोंडाशी, दोघं गडी रसावरची मळी काढत होते. मी खांबापाशी थांबले. आणि माझ्या मागोमाग आजऱ्याची गाडी आली. मुलाचे वडील आणि मध्यस्थ, दोघं उतरले. काकांनी त्यांना बाज दाखवली.

"हिंदुराव, दसरा झाला की," मुलाचे वडील म्हणाले. "सुपारीचं काय? पोरगी कधी येतीया?"

काकांनी काहिलीवरची नजर काढली नाही. "न्हाय येत."

"म्हंजे?"

"तिकडं आधण चढलंय तिचं. चार वर्साचं हाय. उतारल्याबिगर गुळव्या उठत न्हाय."

मध्यस्थ हसला. मुलाचे वडील हसले नाहीत. "पोरीच्या जातीला कसलं आधण?"

"पावणं, तुमची काजूची भट्टी पेटल्यावर तुम्ही उठता का?"

"उठतो की. पोरगा झाला तवा भट्टी इझवून गेलतो मी. काजू काय, परत भाजता येत्यात."

ते सहज बोलून गेले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी मागं पाहिलं तर काकी कपबशी घेऊन खांबापाशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. काकांनीही त्यांना पाहिलं.

"शब्द दिलता तुम्ही," मुलाचे वडील म्हणाले.

"दिलता. म्या दिलता, तिनं न्हवं. मोडला त्यो माझा मोडला. गावात सांगा खुशाल." मग म्हणाले, "काकवी घिऊन जावा."

"नको," पाहुणे म्हणाले आणि उठले.

शब्दाचा पक्का म्हणून ज्या माणसाचा तालुक्यात दरारा, त्याच्या दारातून माणसं काकवीला हात न लावता निघाली होती. काका गाडीकडं बघत राहिले. गाडी वळणावर गेली तरी बघत होते. रूपालीला मी तिथूनच एका ओळीत कळवलं, राहा.

"उतरवा," काकी म्हणाल्या. "लागंल."

गडी चमकले. मीही. काकी खांबाच्या बाहेर उभ्या होत्या. काहील त्यांना दिसतसुद्धा नव्हती. तीस वर्षं त्या खांबापाशी उभं राहून नाकानं जे कळलं तेच त्या बोलल्या. काका दचकून वळले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांची नजर आधणावरून हटली होती. त्यांनी पळीतला थेंब पाण्यात सोडला, बोटांत घेतला. गोळी झाली होती. त्यांनी हात वर केला आणि गड्यांनी काहील ओढली.

गूळ गार करायच्या वाफ्यात ओतून झाल्यावर त्यांनी खुरप्याच्या टोकावर थोडा घेतला, फुंकर घालून गार केला आणि खांबापाशी आले. "आत ये की," ते म्हणाले.

"आता कशाला," काकी म्हणाल्या. "घरात माझी चूल पेटलीया."

काकांनी खुरपं पुढं धरलं. काकींनी बोटानं गूळ घेतला, जिभेवर ठेवला आणि थोडा वेळ तोंडात घोळवला.

"बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि चहाची भरली कपबशी काकांच्या हातात देऊन घराकडं निघाल्या. काका तिथंच उभे राहिले, खांबाच्या बाहेरच्या अंगाला, काकी रोज थांबायच्या त्या जागी. मी निघाले तेव्हा ते तो गार चहा पीत होते. चहाला त्यांनी नाव ठेवलं नाही.